खुर्चीपुरता रस्ता

४ फेब्रुवारी

वन्सं,

काल फोन मध्येच बंद झाला तो रेंज गेली म्हणून नाही. मी ठेवला. फोनवर तुम्ही बोलत सुटता, मी ‘हं हं’ करत बसते, आणि नंतर तुम्ही चार लोकांना सांगता की वहिनीनं कबूल केलं. म्हणून आता कागदावर. माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, शाळा चौथीत सुटली, पण लिहिलेलं तुम्हाला फिरवता येणार नाही.

मामंजी तुमच्याकडे येणार नाहीत. तुमचा चौथा मजला, तुमची लिफ्ट, तुमची काचेची गॅलरी तुम्हालाच लखलाभ. त्या गॅलरीत बसून ते काय बघणार, समोरच्या इमारतीचे पाइप?

तुम्ही म्हणता, बाबा गेल्या पावसाळ्यापासून खोलीबाहेर पडले नाहीत, वहिनीनं त्यांना कोंडून ठेवलंय. कोंडून मी नाही ठेवलं. पुढच्या दाराला पायऱ्या, बोळात चाकांची खुर्ची आडवी अडकते. राहिलं मागचं दार. तिथून फाटकापर्यंत अंगण आणि अंगणात ती काळी माती. ओली झाली की फुगते, चाक अर्धं गिळते. वाळली की पाय जाईल अशा भेगा. तुमचा भाऊ होता तेव्हा गवंड्याकडून काँक्रीट घालून घेतलं होतं. दोन पावसाळ्यांत खापऱ्या झाल्या. खालची माती हलली तर वरचं काय टिकणार?

ज्या माणसानं जन्मभर मातीच्या भिंती उभ्या केल्या, त्याला आता अंगणातली माती दाराबाहेर जाऊ देत नाही. हे मला रोज दिसतं. तुम्हाला महिन्यातून एकदा दिसतं, आणि त्याही दिवशी तुम्ही घड्याळ बघता.

तुम्ही एवढ्या प्रयोगशाळेत बसता, लोकांच्या रस्त्यांची माती दाबून बघता. मग स्वतःच्या बापाच्या खुर्चीपुरता रस्ता कसा करायचा ते सांगा. करते मी. हातांना इस्त्रीचे चटके आहेत, मातीचे झाले तर झाले.

वहिनी


१३ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. घड्याळ मी बघते कारण शेवटची बस असते. असो.

पद्धत लिहिते. अंगणातली वरची माती कमरेच्या अर्ध्याइतकी खोल काढा. वाळवा, ढेकळं फोडा, चाळा. दहा घमेली मातीला एक घमेलं सिमेंट आणि दोन घमेली राख. राख चुलीतली चालणार नाही, वीजघरात कोळसा जळून उरते ती लागते. राखेची आणि सिमेंटची पोती मी टेम्पोनं पाठवते. शिवाय सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचे धागे सोडवून बोटभर तुकडे करा आणि मूठ-मूठ मिसळा. राखेनं मातीचं फुगणं कमी होतं, सिमेंट तिला धरून ठेवतं, धाग्यांमुळे भेग पुढे धावत नाही. सगळं आधी कोरडंच कालवा, मग पाणी. मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे आणि खाली टाकल्यावर फुटला पाहिजे. ओलावा सगळीकडे सारखा झाला की थर देऊन धुम्मसनं, म्हणजे दांड्याच्या जड ठोकळ्यानं, ठोका. वर आठवडाभर ओली गोणपाटं.

आता माझी अट. पावसाळ्याआधी बाबांची खुर्ची मागच्या दारापासून फाटकापर्यंत आणि परत, कुणी न उचलता गेली, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही गेली, तर मी गाडी घेऊन येते आणि त्यांना नेते. आणि एक स्पष्ट बोलते. घर बाबांच्या नावावर आहे. ते इथे आले की तुमचं तिथे काय, ही काळजी तुम्हाला असणार. ती काळजी बाबांच्या सेवेच्या नावाखाली लपवू नका.

तुमची नणंद


२ मार्च

वन्सं,

घर त्यांच्या नावावर आहे. त्यांचं भांडं माझ्या नावावर आहे, रोज सकाळी धुवायचं. हवं तर अदलाबदल करू.

राख आली. टेम्पोवाल्यानं पोतं असं आपटलं की सगळा बोळ करडा झाला आणि गिऱ्हाइकांचे इस्त्री केलेले सदरे पुन्हा धुवावे लागले. तुमच्याकडून काही चांगलं यायचं तर असंच येणार.

काम लावलंय. खणायला आणि ठोकायला एक धुम्मसवाला आणलाय, गप्प माणूस आहे, त्याचं मला बरं वाटतं. धागे कापायला समोरची शिंपीण बसते. तिच्या कात्रीची धार गेली, ती म्हणते नणंदेकडून नवी मागा. मी म्हटलं, माझ्या नणंदेकडून फक्त अटी मिळतात.

मामंजींची खुर्ची मागच्या दारात लावली. आधी म्हणाले, राख माझ्या मेल्यावर आणा. मग चिमूटभर घेऊन जिभेवर ठेवली, थुंकले आणि म्हणाले, “मऊ आहे. चालेल.” धागे बघून म्हणाले, “आम्ही भिंतीच्या मातीत काडं घालायचो. तेच आहे, नुसतं शहरातून आलंय.” तिथून जे तोंड सुरू झालं ते दिवसभर. धुम्मसवाल्याला म्हणाले, तू माती कालवतोस का म्हशीला खाजवतोस? मला म्हणाले, फावडं इस्त्रीसारखं धरू नकोस. दोन वर्षांत एवढे बोलले नव्हते. जेवले पण नीट. हे तुम्हाला आनंद व्हावा म्हणून लिहीत नाही, कोंडलेला माणूस कसा ओरडतो ते कळावं म्हणून लिहिते.

आज सगळी माती एकदम कालवून पाणी दिलं. ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवलीय. उद्या सकाळी ठोकायची.

गाडीवाल्याला नाही म्हणून सांगून ठेवा.

वहिनी


२४ मार्च

वहिनी,

बाबांचा हात प्लास्टरमध्ये आहे हे मला शिंपीणबाईंकडून कळावं? त्यांनी फोन केला तो कात्रीसाठी. बोलता बोलता म्हणाल्या, “आता हात कसा आहे हो तुमच्या वडिलांचा?” मी प्रयोगशाळेत चार माणसांसमोर उभी होते. “बरा आहे” म्हणाले. मला माहीतच नव्हतं.

त्या म्हणाल्या, रस्ता वरून छान दिसत होता. तुम्ही धुऊन घेतला, दुसऱ्या दिवशी खुर्ची काढली, आणि अर्ध्या वाटेत पापुद्रा सुटावा तसा रस्ता सुटला. उजवं चाक रुतलं, खुर्ची कलंडली आणि बाबांनी हात टेकला.

मी पाठवलेल्या प्रमाणात केलेला रस्ता असा सुटत नाही. मी रोज असल्या मातीचे ठोकळे करते आणि फोडते. वहिनी, सिमेंट कुठे गेलं? तुमच्या न्हाणीघराची भिंत पडायला आली होती, ती परवा नीट दिसली असं शिंपीणबाई सहज बोलून गेल्या. दुसऱ्याच्या बापाच्या रस्त्यातलं अर्धं पोतं भिंतीला लावायचं आणि वर नणंदेला टोमणे. याला काय म्हणतात ते तुम्हाला चांगलं येतं.

येत्या रविवारी मी गाडी घेऊन येते आहे. बाबांचे कपडे आवरून ठेवा.

नणंद


२७ मार्च

वन्सं,

हो, लपवलं. हाड मोडलं नाही, तडा गेलाय, डॉक्टर म्हणाले जुळेल. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही हात बघायला नाही, जिंकायला आला असता. आता तेच करताय.

न्हाणीघराची भिंत मी तुमच्या भावाच्या वेळच्या उरलेल्या विटांनी आणि चिखलानं लिंपली. या, नख लावून बघा. चोरी करायची असती तर तुमच्या पोत्यातली कशाला केली असती? तुमचं काही घरात लावून मला सुख लागेल असं वाटतं तुम्हाला? ‘दुसऱ्याच्या बापाच्या’ असं लिहिलंत. ते वाक्य मी शिंपिणीकडून दोनदा वाचून घेतलं, मला वाटलं माझंच वाचायचं चुकलं.

खोट तुमच्या राखेत आहे. वीजघरानं टाकलेला उकिरडा उचलून तुम्ही आमच्या अंगणात पाठवला. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शेळी मेली की धनगराला धरायचं.

भांडायला मला वेळ नाही. गिऱ्हाइकांची बोचकी पडलीत. या पत्राबरोबर पत्र्याचा डबा पाठवते, त्यात रस्त्याचा सुटलेला तुकडा आहे. तुमच्या त्या यंत्रात घाला. सिमेंट कमी निघालं तर रविवारी काय, आजच या, मी स्वतः त्यांना गाडीत बसवते. कमी नाही निघालं तर पावसाळ्यापर्यंत इकडे तोंड दाखवू नका.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

रविवारी आले नाही ते तुमच्या धमकीमुळे नाही. तुकडा तपासल्याशिवाय यायचं नाही असं ठरवलं.

सिमेंट पुरेपूर आहे. तेवढं माझं बोलणं मागे घेते. राखही चांगली आहे, त्याच ढिगातली राख मी इथे वापरून पाहिली. तेवढं तुमचं बोलणं तुम्ही मागे घ्या.

तुकडा फोडून भिंगाखाली धरला. त्यात बारीक गोळ्या आहेत, आतून कडक आणि एकमेकींना न चिकटलेल्या. म्हणजे माती ठोकायच्या आधीच घट्ट होऊन बसली होती. तुम्ही ती फोडलीत, पुन्हा ओली केलीत आणि मग ठोकलीत. सिमेंट एकदाच धरतं, वहिनी. पाणी पडलं की त्याचं काम सुरू होतं, ते कुणासाठी थांबत नाही. तुमचं सिमेंट रात्रीच गोणपाटाखाली आपलं आपलं धरून मोकळं झालं. सकाळी तुम्ही ठोकलीत ती नुसती खडी.

पाणी घातल्यावर लगेच ठोका, असं मी लिहिलं नव्हतं. आमच्याकडे ते सगळ्यांना माहीत असतं, म्हणून लिहायचं सुचलं नाही. झाकून ठेवल्याचं तुम्ही कळवलं होतं, तेही वाचून मी पुढे गेले.

पण रात्रभर झाकून ठेवायला सांगितलं कुणी? बाबांनी का? तसं असेल तर लिहा. मी येऊन त्यांच्याशी नीट बोलते. त्यांची पद्धत चिखलाच्या भिंतीला ठीक होती, सिमेंटला चालत नाही, हे त्यांना एकदा समजलं पाहिजे. नाहीतर पुन्हा दारात बसून हुकूम सोडतील आणि तुम्ही ऐकाल.

नणंद


१५ एप्रिल

वन्सं,

मी झाकली. कुणी सांगितलं नाही. माझं डोकं, माझं गोणपाट. मला वाटलं माती आहे तर मुरू द्यावी. लिहून घ्या, शिक्का मारा, प्रयोगशाळेत टांगा.

राखेचं बोलणं मागे घेतलं. झालं समाधान?

मामंजींशी बोलायला यायचं नाही. आलात तर दार उघडणार नाही. पडल्यापासून ते भिंतीकडे तोंड करून असतात. हाताचं दुखणं सांगत नाहीत. परवा भात भरवत होते, उजवा हात अडकलाय ना, तर मध्येच म्हणाले, “मातीनं मला ओळखलं नाही.” मी म्हटलं, माती कुणाला ओळखते, खा गुपचूप. त्यानंतर दोन घास खाल्ले आणि तोंड मिटलं. आता तुम्ही येऊन भिंग काढून त्यांना काय समजावणार आहात?

तुम्हाला न्यायचंच असेल तर आत्ता न्या. आत्ता ते नाही म्हणणार नाहीत. कशालाच म्हणत नाहीत. गाडीत घाला, लिफ्टमध्ये घाला, गॅलरीत ठेवा. तुमची अट तुम्ही जिंकलात.

नाहीतर मला नीट सांगा. पाणी घातल्यावर किती वेळ असतो? रस्ता मी पुन्हा खणलाय. हे पत्र येईपर्यंत धुम्मसवाला नुसता बसून राहील.

वहिनी


२१ एप्रिल

वहिनी,

वेळ फार नसतो. कालवल्यापासून दोन तासांच्या आत ठोकून संपलं पाहिजे. म्हणून सगळं एकदम भिजवू नका, हातभर रस्त्यापुरतं कालवा, ठोका, मग पुढचं.

तुम्हाला खोटं बोलता येत नाही. लग्न होऊन आलात तेव्हापासून मी बघते आहे. भांडण येतं, खोटं येत नाही. तुम्ही जन्मात कधी भिंत घातली नाहीत, इस्त्रीवाल्याच्या घरच्या तुम्ही. माती मुरवतात हे तुम्हाला कुठून माहीत? ‘रात्र जाऊ दे, मग हात लाव’ हे मी शाळेत होते तेव्हापासून ऐकते आहे. बाबा अंगणात ढीग झाकून ठेवायचे आणि आम्हाला त्यावर चढू द्यायचे नाहीत.

मी त्यांच्याशी काही बोलणार नाही.

असं करा. माती, राख आणि धागे यांना रात्री पाणी द्या आणि झाकून ठेवा. त्यांचं काही बिघडत नाही, ओलावा आतपर्यंत जाईल, उलट बरंच होईल. सकाळी बाबांना मूठ दाबून बघू द्या. त्यांनी ‘मुरली’ म्हटलं की मग सिमेंट, तेही थोड्या थोड्या ढिगात, आणि लगेच ठोकायचं. म्हणजे बाबांचंही राहील आणि सिमेंटचंही.

राखेची दोन पोती आणि सिमेंट पाठवते. टेम्पोवाल्याला हळू ठेवायला सांगितलं आहे. कात्रीही पाठवली आहे, शिंपीणबाईंना द्या.

अट मागे घेतलेली नाही.

नणंद


१८ मे

वन्सं,

हे फेब्रुवारीत सुचलं असतं तर एक हात वाचला असता. पण तुम्हाला अक्कल पोस्टानं येते, त्याला मी काय करू.

टेम्पोवाल्यानं पोती हळू ठेवली. मग पैसे घेताना एका पोत्याला लाथ मारली, ते फुटलं. बोळ पुन्हा करडा.

संध्याकाळी माती, राख, धागे भिजवले आणि झाकले. मामंजी खुर्चीत यायला तयार नव्हते. मी म्हटलं, तुम्ही नाही आलात तर मी सगळं शिंपिणीला विचारून करते. तेव्हा आले. सकाळी डाव्या हातानं मूठ घेतली, दाबली, सोडली. किती वेळ बघत बसले. मग म्हणाले, “आता मुरली. मागच्या वेळी मुरली नव्हती.” मी म्हटलं, हो, मागच्या वेळी मी घाई केली. मला खोटं बोलता येत नाही असं कुणीतरी लिहिलं होतं. त्या बाईला आता कळवा.

सिमेंट टाकायला लागलो तर विचारलं, “हे काल का नाही घातलं?” मी म्हटलं, तुमच्या लेकीनं सकाळी घालायला सांगितलंय. “तिला काय कळतंय मातीतलं,” म्हणाले. मग घमेल्याकडे बोट दाखवून, “घाल. म्हणते तर घाल.” आणि धुम्मसवाल्याला म्हणाले, ठोक लवकर, काय पाळणा हलवतोस का. मी लवकर म्हणायच्या आधी ते म्हणाले. कसं कळलं कुणास ठाऊक, मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

आठवडाभर गोणपाटं ओली ठेवली. मग तीन-चार दिवस उन्हात. मग नळी सोडून अख्खं अंगण तळं केलं. बाजूची माती फुगून गुडघाभर चिखल झाला. रस्ता तसाच, मध्ये कोरड्या फळीसारखा.

तरी मामंजींना लगेच बसवलं नाही. एकदा हात मोडून शहाणी झालेय. आधी खुर्चीत शिंपिणीला बसवलं. माझ्या दीडपट आहे. ती ओरडत होती, मेले गं, मी ढकलत होते. फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. चाक कुरकुरलं, रस्ता नाही. ती म्हणाली, कात्री मिळाली म्हणून बसले, नाहीतर तुझ्या नणंदेलाच बसवलं असतं.

मग मामंजी. फाटकाशी खुर्ची थांबवली. रस्त्यावरून माणसं जात होती, एक सायकल, भाजीची गाडी, शाळेच्या पोरी. मी म्हटलं, परत जायचं का? तेव्हा काठी मागितली. वाकून खालच्या मातीवर टकटक केली, कान दिला, पुन्हा टकटक केली. जसं स्वतः घातलेल्या भिंती ऐकायचे ना, तसं. आणि म्हणाले, “ओळखलं.”

दुपार होईपर्यंत तिथून हलले नाहीत. माझी इस्त्री गार झाली, गिऱ्हाईक बोंबलत गेलं.

आता रोज दोनदा फाटकाशी जातात. तुमचा चौथा मजला भाड्यानं द्या. घराचं म्हणाल तर कागद हवे तेव्हा घेऊन जा, मला त्यात जिथे अंगठा लावायचा तिथे लावते. पण खुर्ची इथली हलणार नाही. ती फाटकाशी गेली नाही तर या घरात सकाळी मला शिव्या द्यायला कोण उरतं?

काल विचारत होते, पोरगी कधी येणार. मी म्हटलं, ती घड्याळ बघते. म्हणाले, बघू दे, येऊ दे.

तर ये एकदा. मागच्या दारानं ये. रस्ता पक्का आहे, यायला, आणि एकटीनं परत जायला.

वहिनी